सोहमची माय

दुपारी सव्वादोनला आमच्या कीर्तन मंडळाची रक्तमागण्यांची यादी उघडली, तेव्हा सगळ्या मागण्यांपुढे हिरवी खूण होती. हिरवी म्हणजे ‘पूर्ण’. ज्याला रक्त हवं होतं त्याला मिळालं. मी मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले, ताकाचा पेला उचलला, आणि तेवढ्यात फोनवर एक आवाजी निरोप येऊन पडला.

“काका, अजून कोनीच आलं नाही नं. कवाची वाट पाहून राहिलो. डॉक्टरीन बाई दोनदा इचारून गेली. पाठवलं का कोनाले?”

मी नंबर पाहिला. यादीत शोधला. मागणी सकाळी अकरा वीसची होती. रुग्ण : सोहम. वय : सहा. गट : बी पॉझिटिव्ह. ठिकाण : अमरावतीचं एक बाळंतपणाचं रुग्णालय. स्थिती : पूर्ण.

पेला तसाच हातात राहिला. सहा वर्षांचं पोरगं बाळंतपणाच्या दवाखान्यात कशाला भरती होईल?

सकाळचा मूळ निरोप जपून ठेवलेला असतो. तो लावला.

“जय हरी काका. मी गोपाल बोलून राहिलो, वलगावचा. सोहमच्या मायले पहाटे पोरगी झाली. तवापासून रक्त थांबूनच नाही राहिलं. दोन पिशव्या होत्या त्या लावल्या. आता डॉक्टरीन बाई म्हनते ओ निगेटिव्ह आना, इथं शिल्लक नाही. सोहमचं बी पॉझिटिव्ह हाये, माह्यंबी तेच, आमचं तिले चालत नाही म्हनते. सोहम सहा वर्साचा हाये काका, घरी आजीजवळ ठेवला. लवकर पाह्यजा.”

ऐकणाऱ्या कोणत्याही माणसाला हे एका दमात कळलं असतं. रक्त सोहमला नको होतं, त्याच्या आईला हवं होतं. पण अख्ख्या निरोपात तिचं नावच नव्हतं. आमच्याकडे खेड्यातला नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. माझे वडील जन्मभर माझ्या आईला ‘हरीची माय’ म्हणाले. तिचं नाव द्वारका आहे हे मला शाळेच्या दाखल्यावर कळलं. निरोपात नाव एकच होतं, आणि निरोप ऐकून यादी भरणाऱ्या यंत्राने ते उचललं होतं.

यंत्राने असं का केलं हे जगात दोनच माणसांना कळण्यासारखं होतं. एक निखत, आणि दुसरा मी.

आमचं कीर्तन मंडळ अकोल्यात जठारपेठेत आहे. कीर्तन संपलं, आरती झाली, की रांगेने बुक्का लावायचा. आणि बुक्का लावून घेतला की बाजूच्या वहीत आपला रक्तगट सांगायचा, अशी प्रथा आमच्या पुंजाजी महाराजांनी अकरा वर्षांपूर्वी पाडली. ते म्हणायचे, “देवाले फूल वाह्यता, ते संध्याकाळी सुकते. आता जिवंत काहीतरी लिहून ठेवा.” वही सांभाळायला मी, कारण शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेली. वही फुगत गेली. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, नांदगाव पेठ, जिथे जिथे महाराज उभे राहिले तिथली नावं आली. मग रोजचे फोन, रोजचे निरोप, आणि माझा एक जीव.

निखत ही आमच्या शफीभाईंची मुलगी. शफीभाई गादीवाले, दुकान मंडळाच्या समोर, आणि मृदंगाचा पहिला बोल पडला की पिंजणयंत्र बंद करून पायरीवर येऊन बसणारा माणूस. निखत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिनेच एक दिवस म्हटलं, “काका, तुमी हे सगळं हातानं काहून करून राहिले? मी पायथनमध्ये, म्हंजे कंप्युटरच्या भाषेत, एक स्क्रिप्ट लिहून देते. मानूस बोलला की मशीन ऐकते, त्यातून मागनी भरते, आन् ज्याचा गट जुळते त्याले निरोप जाते.”

स्क्रिप्ट तिने लिहिली. तिच्यात एक फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करणारा भाग होता, मागणी नावाचा. त्याला काय काय द्यायचं, त्याला ती आर्ग्युमेंट म्हणायची. मी त्याला डबे म्हणायचो. मागणी नावाचा मोठा डबा. त्यात तीन डबे : रुग्ण, रुग्णालय, संपर्क. रुग्णाच्या डब्यात पुन्हा तीन डब्या : नाव, वय, गट. निखत म्हणाली, प्रत्येक डब्याला एक चिठ्ठी लावता येते, हा डबा कशाचा, यात काय टाकायचं, काय नाही टाकायचं. त्या चिठ्ठीला मेटाडेटा म्हणतात. बोलणं ऐकणारं यंत्र ती चिठ्ठी वाचूनच ठरवतं की कुठला शब्द कुठे टाकायचा.

मला एकदम उमगलं. मी म्हटलं, “अवं, हे तर कीर्तनातलं झालं. महाराज गोष्टीत गोष्ट सांगतात तवा दर पायरीले सांगतात ना, आता कोन बोलून राहिलं, कोनाले सांगून राहिलं. नाहीतर उशिरा आलेली म्हातारी काय समजन?”

निखत इतकी खूश झाली की तिने ते काम मलाच दिलं. “काका, चिठ्ठ्या तुमीच लिहा. आपले लोक कसे बोलतात ते तुमाले जास्त समजते. फक्त एक ध्यानात ठेवा. बाहेरच्या डब्यावर लिहिलेलं आतल्या डबीपर्यंत पोचेलच असं नाही. प्रत्येकीले वेगळी चिठ्ठी.”

मी लिहिल्या. बाहेरच्या चारही डब्यांवर अक्षर काढून लिहिल्या. संपर्कावर तर पाच ओळी. मग रुग्णाच्या आतल्या तीन डब्या राहिल्या, आणि घड्याळात साडेसहा वाजले. सातला महाराजांचं कीर्तन होतं. मी विचार केला, नाव म्हणजे नाव, वय म्हणजे वय. याला काय समजावून सांगायचं? निखतला कळवलं, ‘झालं’. टाळ घेतले आणि निघालो. त्या दिवशी कीर्तन फार रंगलं होतं.

याला तीन आठवडे झाले होते.

मी निखतला फोन लावला.

“निखत, रुग्णाच्या आतल्या नावाले चिठ्ठी नव्हती बेटा. म्या लिहिलीच नव्हती.”

पलीकडून कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. “काका, नाव भरनं जरुरी होतं. रिकामं ठेवता येत नव्हतं. मशीननं सोहम टाकलं. आन् एकदा सोहम पेशंट ठरला की मग सोहमचं वय, सोहमचा गट. सगळं बराबर जुळलं.”

“मंग पूर्ण कसं झालं?”

“बी पॉझिटिव्हवाल्यांना निरोप गेले. तिघं जायले तयार झाले. त्यातल्या एकानं अमरावतीच्या रक्तपेढीत फोन करून इचारलं. ते म्हनले, बी पॉझिटिव्ह लय पडलं हाये, कोनाले पाठवू नका. त्यानं तसं कळवलं, आन् मागनी बंद झाली.”

खोटं इतकं नीट जुळलं होतं की कुणालाही संशय आला नाही. आणि तिकडे एक बाई तीन तास वाट पाहत रक्त सांडत पडली होती.

“ओ निगेटिव्ह कोन कोन हाये?” मी विचारलं.

“चार. एक सुरतेले गेला. एकानं मागच्याच महिन्यात दिलं. तिसरी तारा, नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात. अमरावतीपासून सर्वांत जवळ तीच. चौथे अब्बू.”

“ताराले लाव.”

“लावून राहिली. बंद हाये. ड्युटीत त्यांचे फोन लॉकरमध्ये ठेवतात. सुटी साडेपाचले.”

साडेपाच. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन पस्तीस.

“गेटचा नंबर काढते,” निखत म्हणाली. “तुमी अब्बूले घेऊन निघा काका. फोन चालू ठेवा.”

पायात चप्पल एक माझी आणि एक मुलाची होती, हे मला बडनेऱ्याजवळ दिसलं.

शफीभाई गाद्या पोचवायची जुनी व्हॅन काढून उभेच होते. त्यांच्या भुवयांवर कापूस होता. एप्रिलचं ऊन, व्हॅनमध्ये गरम रुईचा वास, आणि मागे न पोचवलेल्या दोन गाद्या. मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हरीभाऊ, असे काहून बसले, जसं रक्त तुमचंच काढून राहिले? सुईले मी भिवाव का तुमी?”

मी हसलो नाही. त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, साडेसहा वाजले ते, टाळ घेऊन पळालो ते. लपवावं असं फार वाटत होतं, म्हणूनच सांगितलं.

त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “निखतनं पाह्यलं नाही पुन्हा?”

“माह्या शब्दावर सोडलं तिनं.”

“मंग तिचीबी चूक हाये.” त्यांनी गिअर बदलला. “पन आता ते नका बोलू. ते बोललं की गाडी चालवता येत नाही मले.”

फोन वाजला. गोपाल.

“काका, येऊन राहिले नं कोनी?”

“येऊन राहिलो बापा. मी सोताच येऊन राहिलो, रक्तवाल्याले घेऊन. कशी हाये ती?”

“बोलत होती मघापर्यंत.” मागून चाकांच्या स्ट्रेचरचा आवाज आला. “आता नाही बोलत. हात लय थंडा लागून राहिला काका. इतक्या उन्हात हात थंडा काहून लागत असन?”

तोंडात नाम होतं ते थांबलं. आयुष्यभर मी इतरांना सांगत आलो, भीती वाटली की नाम घ्या. त्या व्हॅनमध्ये मला विठ्ठल म्हणता येईना. वाटलं, कोणत्या तोंडाने म्हणू? त्याच्या कीर्तनाला जायची घाई झाली म्हणून मी एक डबी रिकामी सोडली, आणि त्या डबीत आता एक जीव अडकला होता.

शफीभाईंनी एका ट्रकला मागे टाकलं. त्यांचे ओठ हलत होते. ते दुआ मागत होते. मी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिलो आणि हळूच त्यांच्या आमीनमध्ये माझा हात जोडला.

तीन वीसला निखतचा फोन. ती धापा टाकत होती, जशी काय पळून आली. “गेटवाला ऐकतच नव्हता काका. म्हने, लेडीज वर्करले फोनवर बोलवायची परमिशन नाही. मी म्हटलं, दादा, तुमच्या घरात बाळंतीन बाई हाये का कोनी? तर म्हने, बहीन हाये, सातवा महिना. मंग तो सोताच आत पळाला.”

“आन् तारा?”

“मशीन सोडून आली. सुपरवायझर वरडला म्हने. ती त्याले म्हनली, ‘पगार काप, पन रस्ता सोड.’ गेटवाल्याच्याच मोटारसायकलवर गेली. पोचलीबी असन.”

मी ताराला एकदाच पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, नांदगाव पेठच्या कीर्तनात. बुक्का लावून घेताना तिने गट सांगितला आणि विचारलं होतं, “हे खरंच कवा लागते का हो काका, का नुसतं लिहून ठेवता?”

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. ताराचं रक्त काढून झालं होतं, तपासणी चालू होती. रक्तपेढीच्या मुलाने शफीभाईंना खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाला, “काका, तपासल्याबिगर लावता येत नाही. घाई करतोच आहे.” मी काचेपलीकडे ती पिशवी पाहत उभा राहिलो. देवळात गाभाऱ्यासमोर मी तितका स्थिर कधी उभा राहिलो नसेन. पाच वाजायला दहा मिनिटं असताना ती पिशवी एका बर्फाच्या डब्यात घालून पलीकडच्या रुग्णालयात नेली. मी तिच्या मागे मागे, दोन वेगळ्या चपला घालून.

गोपाल जिन्यापाशी उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. पोरगी झाल्याच्या आनंदात पहाटे घातलेला असावा. त्याने माझे पाय धरायला वाकावं आणि मी मागे सरावं असं झालं. मला त्याला हात लावू देववेना.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

तो क्षणभर खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “अबोली.”

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही बसलो. आतून एक नर्स बाहेर आली, लगबगीने गेली, परत आली. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना. दर वेळी दार उघडलं की गोपाल उठायचा, आणि दार मिटलं की बसायचा. मी मोजायला लागलो होतो. नऊ वेळा. शफीभाई दंडाला कापूस धरून आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांची पिशवीही तपासणीला गेली होती.

साडेपाचला डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. मास्क खाली केला. “कमी होतंय. पण मी अजून काही बोलणार नाही.” आणि पुन्हा आत गेल्या.

त्यानंतरचा एक तास मी कसा काढला, सांगता यायचं नाही. डोळे मिटले की दिसायचं, सहा वर्षांचं पोरगं वलगावला आजीच्या ओट्यावर बसलेलं. त्याच्या नावाने मागणी गेली, त्याच्या नावाने पूर्णही झाली. तो मोठा झाल्यावर त्याला हे कोणी सांगेल का? सांगितलंच तर माझं नाव सांगतील का?

पावणेसातला दार उघडलं आणि गोपाल पुन्हा उठला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “थांबलं. नाडी चांगली आहे. रात्रभर लक्ष ठेवू, पण आता ती हातातून जात नाही.” आणि मग, जरा चिडूनच, “अर्धा तास आणखी उशीर झाला असता ना, तर मी काहीच करू शकले नसते. सकाळपासून सांगतेय मी.”

गोपाल भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचं रडणं संपेपर्यंत मी थांबलो. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

“गोपाल, उशीर काहून झाला, तुले सांगतो. सोहमच्या नावानं मागनी भरल्या गेली. बी पॉझिटिव्ह म्हनून. अन् बंदबी झाली.”

त्याने डोळे पुसले. “म्हंजे मशीननं सोहमले बिमार समजलं?”

“मशीनले सांगायचं काम माह्यं होतं. म्या नाही सांगतलं. मले घाई होती.”

“कशाची?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. “कीर्तनाची,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग असता तर बरं वाटलं असतं. “तीन तास होते काका,” तो म्हणाला. “तिचा हात माह्या हातात होता.” मग उठला. शफीभाईंचे दोन्ही हात हातात घेतले, ताराची चौकशी केली, ती कुठे आहे, तिला काही खायला दिलं का. माझ्याकडे पुन्हा वळला नाही. पोरीला बघायला आत गेला.

शफीभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. तेवढ्यात निखतचा फोन आला. मी तिला सांगितलं, वाचली. ती रडली, मग नाक ओढून म्हणाली, “काका, मी एक गोष्ट काढून पाह्यली. या तीन आठवड्यांत आवाजावरून भरलेल्या अन् पूर्ण म्हनून बंद झालेल्या मागन्या... आजची धरून आठ हायेत.”

बाकीच्या सात.

“मूळ आवाज ऐकले का तू?”

“दोन ऐकले. समजून नाही राहिलं काका. ‘आमच्या घरी लागते’ म्हनते एक. दुसरी ‘यायले रक्त पाह्यजे’ म्हनते, नावच नाही घेत. तुमी ऐकान तर समजन.”

“नंबर पाठव. ऐकत नाही बसत, फोनच लावतो.”

सात नंबर आले. सगळ्यात जुना सतरा दिवसांपूर्वीचा होता. रुग्ण : मंजुषा. वय : पंचेचाळीस. स्थिती : पूर्ण. मी बाकावर बसलो, चष्मा पुसला आणि लावला. चार वेळा घंटी वाजली. एका बाईने उचललं. मागे टीव्ही चालू होता.

“कोन मंजुषाताई का? मी हरिहर, अकोल्याच्या कीर्तन मंडळातून. तुमी रक्तासाठी निरोप पाठवला होता.”

“हो. मीच पाठवला होता. माह्या मालकांसाठी.”

तिच्यासाठी नव्हता. मालकांसाठी. शफीभाईंचा हात खांद्यावर घट्ट झाला.

“ताई,” मी म्हटलं, “कसे हायेत ते?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. कुणीतरी खोकलं.

“थांबा,” ती म्हणाली, “त्यायलेच देते फोन.”